खिडक्यांच्या फटी

दि. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. दोन्ही उशा बसल्या म्हणतेस. आधी उन्हात टाक, मग बोल. मी भरलेली उशी बसत नाही. भावजींची कंबर कशी आहे?

इकडे काम ठीक. पिंजणयंत्राचा पट्टा मीच बदलला. मिस्त्री म्हणाला होता, जमणार नाही. असो.

नाचणाऱ्या बाईबद्दल तू विचारलंस. 'या वयात कसली थेरं' हेही वाचलं. तसं काही नाही. तिला हॉलचं भाडं झेपेना आणि माझा गाद्यांचा कारखाना संध्याकाळी रिकामाच असतो. इथं सराव कर म्हटलं. फरशी खडबडीत होती, घासून सपाट केली. गुडघे सोलवटायचे, म्हणून पट्ट्या शिवून दिल्या. माणूस एवढं करतोच.

ती नाचायची तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून गाद्यांच्या कडा शिवत बसायचो. दम खाताना ती सुईत दोरा ओवून द्यायची. "मालक, चष्मा करा आता. नाहीतर एक दिवस स्वतःलाच गादीत शिवून घ्याल."

माझ्या खोकल्यासाठी गेल्या महिन्यात तिनंच मला डॉक्टरकडे ओढत नेलं. जिना चढून तीही धापा टाकत होती, म्हणून डॉक्टरांनी दोघांच्या छात्या तपासल्या. कापसाची धूळ, म्हणाले. तिची सुरुवात आहे, जागा सोडली तर बरी होईल. माझ्याबद्दल ते तिला बाहेर पाठवून बोलले.

ताई, थंडीनं तिचे पाय आखडू नयेत म्हणून खिडक्यांच्या फटी मीच बुजवल्या होत्या. कापूस कोंबून. एकही सोडली नव्हती.

ती म्हणाली, "कारखाना विका. दोघं जाऊ."

"दोघं कोण? तुझा नाच मी कधी धड बघितलासुद्धा नाही. उद्यापासून मला माल ठेवायला जागा लागणार आहे."

ती खाली बसून पट्ट्या सोडत राहिली. मग म्हणाली, "समोरच्या खिडकीच्या काचेत तुम्ही मला रोज बघत होतात. तुमच्या कारखान्यात एवढी एकच काच स्वच्छ कशी, कधी विचार केलात?"

मला तेवढ्यात खोकला आला, ते बरं झालं.

तुमच्या गावच्या नाचाच्या शाळेत तिला शिकवायचं काम मिळतं आहे. तुझा पत्ता मी दिला. तिनं तो घेतला. मागची, वारा खेळतो ती खोली तिला दे. गादी मात्र कापसाची नको, फोमची घाल. हे मी लिहितो आहे, यावरून काय ते समज.

माझी चौकशी केलीच तर ठणठणीत आहे म्हण. सांगताना डोळ्यांत पाणी आणू नकोस, ती लगेच ओळखते. मलाही जाता आलं असतं. पण थोडे दिवस उरलेत, आणि ते तिनं माझ्या उशाशी औषधाचा चमचा धरून काढले असते. नाच तसाही सुटलाच असता.

तुझा, आणि आता आणखी कुणाचा नसलेला,
भाऊ