डावा पंख आधी पडला

बंगळुरू,
३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
नम्रताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते, तुम्ही हो हो म्हणता, आणि मग जनाकाकू सांगते की तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळलेलं नव्हतं. मोबाइलवरचं बारीक वाचताना डोळ्यांना पाणी येतं म्हणता. म्हणून शेवटी तुमचं ऐकून कागद घेतला. अक्षराला हसू नका. सहीशिवाय हाताने काही लिहून वर्षं झाली.

मी ठीक आहे. कंपनीने ऑफिस बंद करून सगळ्यांना घरूनच काम दिलं, तेव्हापासून खोलीतच असते. दिवसभर पडद्यावर चार देशांतली माणसं बोलतात. पण परवा लक्षात आलं, नऊ दिवसांत माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघालेला नाही. मग भाजीवाल्याशी मुद्दाम मराठीत बोलले, तर तो बिचारा कानडीत हसला.

आता कामाचं. पोरगी विमानं बनवते असं तुम्ही गावभर सांगता. बाबा, ती खोटी विमानं आहेत. संगणकावर उडवायची आणि एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. जुन्या खेळांत प्रत्येक विमानाला शंभर गुण असायचे. गोळी लागली की दहा गेले. एक गुण उरला तरी विमान नव्यासारखं उडायचं, शून्य झालं की फुटायचं. आम्हाला तसं नको आहे. पंख फाटला तर त्या बाजूला हवेचा अडथळा वाढून विमान तिकडे ओढलं जावं, टाकी गळाली तर तेवढं वजन उतरावं. हे सगळं माझ्या वाट्याला आलंय. पुस्तकं वाचली, पण सतरा वर्षं हवाई दलात विमानांचे पत्रे सांधलेला माणूस घरात असताना पुस्तकांचं काय घेऊन बसायचं? फाटलेलं, ठिगळ लावलेलं विमान खरंच कसं उडतं, ते मला सविस्तर लिहा.

गोळ्या वेळेवर घ्या. लांब आहे म्हणून माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
नमू


पोशीर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. नम्रता हिस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनला वाटलं कोर्टाची नोटीस असणार. मी पाकीट फोडेपर्यंत हलला नाही. अक्षर तुझ्या आईच्या वळणाचं आहे, फक्त तिचं ओळीत राहायचं.

लावणी उरकली. जनावहिनी रोज दोन भाकऱ्या आणून देते आणि उंबऱ्यात बसून बोलत राहते. मी तिच्या ओठांकडे बघून मान हलवतो. आई गेल्यापासून घरात कुणी बोलत असलं काय आणि नसलं काय, मला दोन्ही सारखंच.

तुझ्या प्रश्नाचं बोलू. वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे हे आधी बघ. एका पंखातली टाकी रिकामी आणि दुसरी भरलेली, म्हणजे कावडीला एकच घागर लावल्यासारखं होतं. अडथळ्याचं म्हणशील तर भोकापेक्षा भोकाची कड वाईट. साफ भोक फार त्रास देत नाही, पण फाटून वर आलेला पत्रा वारा धरतो. मग पायलटला उलट्या बाजूच्या पायाने पेडल सतत दाबून धरावं लागतं. तसा तासभर आला की खाली उतरल्यावर त्याचा पाय थरथरतो. तुझ्या खेळातला माणूस खुर्चीत बसून उडवणार, त्याला हे कसं कळणार ते तू बघ.

एक गणित मात्र मला करून दे. डाव्या पंखाची पुढची कड, टोकापासून हातभर आत. तिथे पत्र्याचं ठिगळ, वीतभर रुंद आणि दीड हात लांब. रिवेट पत्र्यात बुडणारे चपटे नव्हेत, गोल डोक्याचे, वर आलेले. एकूण छप्पन. विमान सरावाचं, हलकं, दोन माणसांचं. अशा ठिगळाने काय फरक पडेल? सहज विचारतो आहे, तुझी कामं सांभाळून कर.

जेवण बाहेरून मागवत जाऊ नकोस. म्हाताऱ्याची आठवण ठेवून असंच दोन ओळी लिहीत राहा.

तुझा,
बाबा


बंगळुरू,
३० ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गणपतीला येता आलं नाही, रागावू नका. जनाकाकूने पाठवलेल्या फोटोत तुम्ही आरतीला टाळ घेऊन सगळ्यांच्या मागे उभे होता, एकटे. तो फोटो मी मोठा करून बघितला.

कडेचं तुम्ही सांगितलेलं आमच्या टीमला इतकं आवडलं की साहेबाने विचारलं, हा सल्लागार कोण. मी सांगितलं, पोशीरचे सदू बडेकर, भातशेती करतात.

तुमचं गणित केलं. ठिगळाचं वजन रिवेटसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आत. पायलटने पोटभर नाश्ता केला तर तेवढं वाढतं. अडथळाही नावापुरताच. डावीकडे किंचित ओढ, तीही पायलटला जाणवणार नाही इतकी. थोडक्यात, ठिगळाने काहीही बिघडत नाही. खुशाल लावा!

पण विचारलंत का? तुम्ही सहज कधी काही विचारत नाही. तब्येत बरी आहे ना?

मी इथे आहे आणि तुमच्या पत्राची वाट बघते आहे, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची,
नमू


पोशीर,
९ सप्टेंबर २०२५

चि. नम्रता हिस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी बांधावर बसलो असताना कळलं की तू विमान वर, सरळ, भरधाव उडवून बघितलं आहेस. तिथे काही होणार नव्हतंच. ते उतरताना बघ. वेग कमी, नाक वर, चाकं बाहेर. तिथे बघ.

आता कारण सांगतो. हे तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं.

१९८८ साली माझ्या तळावर राजेश नावाचे एक तरुण पायलट होते. मूळचे खालापूरचे. एवढ्या लांब मुलखात आपल्याकडचा माणूस भेटला म्हणून माझ्याशी मराठीत बोलत. सदूने हात लावला म्हणजे आपण बघायला नको, असं सगळ्यांदेखत म्हणत. एका शनिवारी शिडी आपटून त्यांच्या विमानाच्या पंखाची कड चेपली. ठिगळ लावायचं काम माझं. बुडीत डोक्याचे रिवेट संपले होते. विमान थांबवा, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण विमान सोमवारी सकाळी हवं होतं आणि नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. हाताशी होते ते गोल डोक्याचे मारले, पुढच्या आठवड्यात बदलू असं मनाशी ठरवलं, आणि वहीत लिहिलं की काम नियमाप्रमाणे झालं.

सोमवारी साहेब उतरत असताना डावा पंख खाली गेला. विमान आपटून धावपट्टीवर घसरलं. पाठीचे दोन मणके गेले. चौकशीत ते एकच सांगत राहिले, की वेग बरोबर होता आणि पंख आपोआप पडला. पंखाचा चुरा झाला होता, त्यात ठिगळ कुठलं ओळखू येणार? मला विचारलं, दुरुस्ती नियमाप्रमाणे होती का. मी हो म्हणालो. त्या होकारावर त्यांची चूक ठरली. वेग कमी केला, असं लिहिलं गेलं. पुन्हा ते कधी उडले नाहीत.

पुढे मी साजगावच्या कारखान्यात लागलो तेव्हा ते खोपोलीत भेटले. हातात काठी. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की धरून टपरीवर नेलं. म्हणाले, माझं कुणी ऐकलं नाही रं सदू. मी त्यांनी पाजलेला चहा प्यायलो आणि गप्प बसलो. त्यानंतर ते दिसले की मी रस्ता बदलायचो. नऊ वर्षं बदलला.

गणित पुन्हा कर. माझ्यासाठी म्हणून त्यात काही कमी करू नकोस.

हे वाचून जी काही माया उरेल, ती असू दे.

तुझा,
बाबा


बंगळुरू,
२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न.

उशीर झाला. गणिताला चार दिवस लागले. बाकीचे दिवस, तुम्हाला काय लिहायचं या विचारात गेले.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. गोल डोक्यांमुळे वजन वाढत नाही, सरळ उडताना अडथळाही जाणवत नाही. पण नाक वर करून हळू उतरताना वारा त्या कडेवर चिकटून राहायला हवा, आणि तिथे तो रिवेटांना अडखळून लवकर सुटतो. वारा सुटला की पंखाची उचल गेली. मी तेच उतरणं दोनशे वेळा चालवलं, दर वेळी वारा आणि वजन थोडं बदलून. एकशे एकाहत्तर वेळा डावा पंख आधी पडला. उजवा पडतो त्याहून ताशी दहा-बारा किलोमीटर जास्त वेग असतानाच. वेग बरोबर असतानाही.

हा पुरावा नव्हे. त्या दिवशीचा वारा मला माहीत नाही, रिवेटांची उंची अंदाजाने धरली आहे. पण बाबा, साहेब खरं बोलत होते असंच मला वाटतं.

तो एकशे एकाहत्तरचा आकडा लपवावा असं मनात आलं होतं. पहिलंच उत्तर बरोबर होतं, असं लिहून पत्र पाकिटातही घातलं होतं. मग वाटलं, तुम्ही मला खरं सांगितलंत, आता मीही वहीत खोटं लिहायचं का? पाकीट फाडलं. गणिताचा कागद सोबत ठेवते.

मला तुमचा राग आला आहे. खोटं बोललात म्हणून कमी, त्यांनी पाजलेला चहा प्यायलात म्हणून जास्त. या खोलीत राग ऐकायलाही कुणी नाही, म्हणून लिहिते. आणि राग असूनही चार वेळा तुम्हाला फोन लावला. तुम्हाला ऐकू येत नाही हे विसरूनच गेले.

त्यांना जाऊन भेटा. मी सुट्टी टाकून येऊ का तुमच्याबरोबर?

माया आहे. ती कुठे जायची?

तुमची,
नमू


पोशीर,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. नम्रता हिस,
अनेक उ. आ.

तुझा कागद घेऊन एकटाच गेलो. तुला आधी कळवलं नाही, कारण तू आली असतीस तर मी तुझ्या आडोशाला उभा राहिलो असतो. नेरळहून कर्जत, तिथून खोपोलीची गाडी, पुढे रिक्षा. खालापुरात घर शोधायला लागलं नाही. काठीवाल्या साहेबांचं घर कुणीही दाखवतं.

दार त्यांच्या पत्नीने, ललिताबाईंनी उघडलं. आत भिंतीवर साहेबांचा फोटो, त्याला हार. तीन वर्षं झाली. मला कुणी कळवणार तरी कसं, आणि कशाला?

परत फिरावंसं वाटलं. त्या काही विचारत होत्या, ते मला ऐकू येईना. कानाकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी वही आणली आणि त्यात लिहून विचारलं, तुम्ही कोण. मी नाव सांगितलं. माझं नाव त्यांना माहीत होतं. साहेब सांगायचे म्हणे, की तळावर सदू नावाचा आपल्याकडचा एक चांगला माणूस होता.

मग मी बसलो आणि सगळं सांगितलं. शिडीपासून चौकशीतल्या होकारापर्यंत, आणि टपरीवरच्या चहापर्यंत. हाताचा पंजा पंखासारखा धरून डावी बाजू कशी पडते ते दाखवलं. तुझा कागद पुढे ठेवला आणि एकशे एकाहत्तरवर बोट ठेवलं. माझा आवाज किती मोठा होता मला कळत नव्हतं. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. मी थांबलो नाही.

संपल्यावर बाईंनी फोटोकडे बघितलं. मला वाटलं, आता बाहेर काढतील. काढायलाच हवं होतं. त्यांनी वही घेतली आणि भराभर लिहिलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, त्यात हे किती वेळा ऐकलं याची गणती नाही. पाहुणा आला की साहेब पंखाचं काढायचे. भाऊबंद हसायचे. नंतर नंतर तर ते बोलायला लागले की त्या स्वतःच चहाचं निमित्त करून आत निघून जायच्या. शेवटच्या वर्षी त्यांनी सांगणंच सोडलं. मी ते दोनदा वाचलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं. माफ केलं असं त्यांनी लिहिलं नाही, हेही तुला खरं ते सांगतो.

हवाई दलाच्या कचेरीला मी सहीनिशी लिहून पाठवलं आहे, तुझ्या कागदाची प्रत जोडून. सदतीस वर्षांनी ते कोण उघडून बघेल कोण जाणे. मूळ कागद बाईंनी ठेवून घेतला. तुला विचारायला हवं होतं, पण परत मागवेना.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी पुन्हा वही पुढे केली. त्यावर एवढंच होतं, की परत एकदा सांगा, पहिल्यापासून. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. त्या शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

दिवाळीला येशील तर ये. राग बरोबर आणलास तरी चालेल.

तुझा,
बाबा