सुमाकचा लाल

कफर बल्लूत,
२८ ऑक्टोबर

विदादवन्सं,

सलाम. तुमची तब्येत बरी असावी. माझा गुडघा सोडला तर इथं सगळे खुशाल. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. सलीम रविवारी साओ पावलोला परत निघालाय, त्याच्या हाती देते. पोस्टापेक्षा तो बरा, फक्त बोलतो फार.

तेव्हा बातमी त्याच्या आधी माझ्याकडून ऐका. तुमच्या भाचीचं, रीमचं, लग्न ठरलंय. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. मुलगा फारेस, दातांचा डॉक्टर. समोरचा हसला की त्याच्या दाढा मोजतो, बाकी सरळ आहे.

विहीणबाईंनी बैरूतहून सजावटवाली आणली. तिनं रंगांच्या पट्ट्या पसरल्या नि म्हणाली, "फिका गुलाबी आणि मोतिया. यंदा सगळे तेच करतायत."

"मग झालंच की सगळ्यांचं," रीम म्हणाली.

सजावटवाली गेली. विहीणबाईंचे गाल अजून फुगलेलेच आहेत.

तेव्हापासून ही पोरगी रोज दुपारी मला डोंगरावर ओढून नेते. उन्हाळ्याचे पाहुणे केव्हाच शहरात परतले, सफरचंदं उतरली. वाटेवर आता आम्ही दोघी आणि बकऱ्या. इतकी वर्षं मी या डोंगरावर सरपणाला जातेय, वन्सं. त्याच्याकडे कुणी लग्नाचे रंग मागायला जातं हे नवीनच. ओकची करपल्यासारखी पानं, झाडावरच तडकून वाळलेली डाळिंबं, बकऱ्याही तोंड लावत नाहीत ते काटेरी गोंडे, सगळं टोपलीत. दगडावरच्या राखी शेवाळावर बोट फिरवून म्हणते, "टेबलांवरचं कापड असं."

मी म्हटलं, "बये, पाहुण्यांना जेवायला बोलावलंयस की चरायला?"

"तू टोपली धर."

शेजारची उम्म जॉर्ज तर कुंपणावरून ओरडलीच, "नजला, मांडव घालतेयस की चूल पेटवतेयस?"

काल खिंडीपाशी सुमाकची झुडपं लागली. फळं कधीच झोडून नेलेली, पण पानं अशी लाल, की मीच थांबले. म्हटलं, "हा घे रंग. हा लाव सगळीकडे."

रीमनं मान हलवली. "फार उजळ आहे गं."

"लग्नात उजळ नको, तर कशात हवं?"

तिनं टोपलीतून ओकचं पान काढलं, डाळिंबाचं साल काढलं, माझी बाही ओढून त्यांच्या शेजारी धरली. मग जरा लांब होऊन डोळे बारीक करून पाहिलं. "बघ ना आई. यात तू वेगळी पडत नाहीस."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. आणि बसले.

पोरीनं अख्खं लग्न माझ्या काळ्या बाहीला जुळवायला काढलंय, वन्सं.

नवऱ्यामागं घातलेलं काळं आपलं आपण उतरवायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. गेलेल्याच्या आईनं यावं, नाहीतर बहिणीनं. काळा रुमाल सोडावा, रंगीत बांधावा. सासूबाई तर राहिल्या नाहीत. फादर म्हणतात, देव कपडे बघत नाही. देव नसेल बघत, उम्म जॉर्ज बघते. पण खरं सांगू? तिचंही एवढं नाही. तुमच्या हाताशिवाय काढलं, तर तुमच्या भावाची, नसीबची, एखादी वस्तू त्याच्या माणसांना न विचारता परस्पर देऊन टाकल्यासारखं वाटेल मला.

नसीब गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "माझ्या येण्याआधी माझ्या भावाला माती दिलीत, आता माझं तिथं काय काम?" वादळानं विमानतळ बंद होता, आणि तो मी बंद केला नव्हता. हे तेव्हा ओरडून सांगितलं, आज हळू सांगते. तो तुमचा भाऊ होता, हे मी विसरलेले नाही. तुम्हीही तो माझा नवरा होता हे कधीतरी आठवा.

आणि काम आहे. एकच आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

रीमला यातलं काही सांगितलेलं नाही. ती आत कागदात घालून ओकच्या पानांना इस्त्री करतेय, घरभर जळका वास सुटलाय. तुम्ही याल असं सांगून तिला आशेला लावणं मला जमणार नाही.

पाकिटात सुमाकचं एक पान घातलंय. तुमच्यापर्यंत पोचेतो तेही काळपट पडेल, पण देठापाशी थोडा लाल राहील. रुमाल त्या रंगाचा मिळाला तर पाहा. नाही मिळाला तर तुम्हाला आवडेल तो आणा.

फिका गुलाबीसुद्धा चालेल.

तुमच्या भावाची बायको,
अजून काळ्यातच,
नजला