टेकाडावरची सहा अंडी

२२ मार्च २०२५
धरणकाठच्या गावकऱ्यांनो, आपल्या पाण्यात विष कालवलं गेलंय, आणि कोणी कालवलं हे माहीत असून आपण सगळे गप्प आहोत — एक मेच्या ग्रामसभेत सुरुवात अशीच करणार. तिसऱ्या वाक्यात गाळात टरबूज पिकवणाऱ्या व्यंकटरावांचं नाव.

जानेवारीच्या सभेत मी धरणावरच्या पाखरांबद्दल बोलत असताना त्यांनी माझा माईक बंद करवला. ‘बाई, मानसाचं बोला. पाखरं मत देतेत काय?’ सभा हसली. पस्तीस वर्षं या गावाला शिकवलं, ते माझ्यावर हसले. विसरणार नाही.

२३ मार्च
मकबूलच्या होडीतून टेकाडावर. पाणी उतरलं की ते बेटासारखं उघडं पडतं आणि सुरय तिथे खळग्यांत अंडी घालतात. समुद्रपक्ष्यांच्याच कुळातलं हे पाखरू, आपल्या गोड्या पाण्यावर वस्तीला राहिलेलं. एरवी एका खळग्यात अंडी तीन. आज चार खळग्यांत सहा-सहा!

मकबूलचा जन्म या पाण्यावर मासे धरण्यात गेला. म्हणाला, ‘दोन माद्या एका घरट्यात बसून राहिल्यात. नरच कमी पडले, बाई.’

६ एप्रिल
साधना परवानगीचा कागद घेऊन आली. माझी विद्यार्थिनी, आता पक्ष्यांवर संशोधन करते. उबवूनही न फुटलेली अंडी आणि टेकाडाची माती नेली. म्हणाली, काही रसायनं शरीरात मादीच्या हार्मोनचं सोंग घेतात. पाण्यातून माशात, माशातून पाखरात, पाखरातून अंड्यात. आतला नर नर म्हणून घडतच नाही.

‘म्हणजे टरबुजांवरची फवारणी?’
‘असू शकते. तपासू द्या, बाई.’

‘असू शकते’ सभेत चालत नाही. व्यंकटराव उघड्या पडलेल्या गाळात टरबूज लावतात, फवारणीचे पंप धरणातच धुतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

१४ एप्रिल
स्टँडवर व्यंकटराव. ‘टरबूज पाठवू का घरी?’ म्हटलं, सभेत घेऊन या, सगळ्यांसमोर खाऊन दाखवा.

२० एप्रिल
भाषण पाठ झालं. त्यांनी हात जोडून उभं राहावं. गाळात टरबूज लावायचा परवाना जावा. पोरंसोरं त्यांच्यावर हसावीत. याहून कमी मला नको. मन मोठं करायचं वय माझं झालंय म्हणे — होऊ दे.

२८ एप्रिल
साधनाचा फोन. अंड्यांत टरबुजाच्या औषधाचा मागमूस नाही. सापडली ती डीडीटी, तेच सोंग घेणारी, शेतीत कधीची बंद झालेली. सगळ्यात जास्त टेकाडाच्या मातीत. मी तिच्यावरच चिडले. ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, तिथे कोणी काय पुरलं, ते विचारा.’

३० एप्रिल
मकबूलला विचारलं. जाळं सोडवताना त्याने मान वर केली नाही.

‘तुमीच की, बाई. शाळेमागच्या खोलीत मलेरियाच्या डीडीटी पावडरीची पोती फुटून राहिली होती. तुमी भाषण केलं — लेकरांजवळ नको, कोनाच्या शेतात नको, सरकारी गाळात गाडा. दुष्काळाचं साल. आमी बैलगाड्यांनी नेऊन टेकाडात गाडली.’

आठवलं. त्या भाषणाला टाळ्या पडल्या होत्या.

उद्याचं भाषण आता असं सुरू होणार — गावकऱ्यांनो, टेकाडातल्या विषाची तक्रार लिहाल, तेव्हा विष पुरायला लावणारी म्हणून माझं नाव लिहा.