माळावरची इर्जिक

आई, परवा तुझी फार आठवण आली आणि कारण ऐकशील तर हसशील. महाळुंग्याच्या कंपनीत कामाला असलेला माझा नातू सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर लोळत गोल्फ बघत होता. एरवी या खेळात माणूस चालतो जास्त आणि खेळतो कमी. पण त्या दिवशी चार-चार जणांच्या टोळ्या होत्या, ढणाढणा गाणी लावलेली, फटक्याला उशीर झाला की भोंगा वाजत होता आणि बघणारे जत्रेत आल्यासारखे ओरडत होते. नातू मला समजावायला लागला, की आजी, गोल्फ रटाळ झाला म्हणून आता नवे प्रकार काढलेत. टीममधले सगळे मारतात, ज्याचा चेंडू सगळ्यात चांगला पडेल तिथून सगळे पुढचा फटका मारतात. मी म्हटलं, नवं कसलं, हे माझ्या आईचं आहे. तो म्हणाला, आजी, तू पण ना. आता जगात आणखी कुणाला हे आधी सुचलंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण पिंपरीच्या माळावर ते तुलाच सुचलं आणि मी तिथे काठी घेऊन उभी होते. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण त्या टीव्हीकडे बघून मला दिवसभर सुचत राहिली. शेवटी आज निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली आणि लिहायला बसले.

कारखान्यामागचा तो माळ तुला मी काय सांगायचा. आपल्या भावकीची गुरं तिथे चरायची, मग कारखान्याने तो घेतला. यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी साहेबांनी करमणुकीसाठी त्यावर नऊ भोकं पाडली. उन्हाळ्यात तिथे कुसळंसुद्धा करपायची, मग हिरवळ कुठली. म्हणून भोकाभोवती वाळू पसरून तिच्यात यंत्रांचं जळकं तेल मिसळायचे, म्हणजे ती उडत नसे. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणत. तुम्ही बायका मात्र खळं म्हणायचात आणि भोकाला गोट्यांच्या खेळातल्यासारखी गल. खळ्यावर कोणी चाललं की पावलं उठायची. मग फटक्याआधी गोणपाट ओढून चेंडूपासून गलीपर्यंत वाळू सारखी करायची, हे तुमचं काम. तू त्या पाच बायकांची मुकादम. आमचे वडील गेल्यावर तू कारखान्याच्या बांधकामावर पाटी वाहिली होतीस. पाटीखाली ठेवायच्या कापडाच्या चुंबळीने तुझ्या टाळूवरचे केस झडून तिथे चकाकी आली होती आणि तू पदर कधी खाली येऊ द्यायची नाहीस. माळावरचं काम लागलं त्या दिवशी चुलीपुढे बसून तू एवढंच म्हणालीस, "आता पुन्यांदा डोईवर पाटी घ्यायची न्हाई." तेलाचा वास तुझ्या हातांना राखेने घासलं तरी जायचा नाही. मी तेव्हा कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात नवीनच लागले होते, स्वतःला मोठी नोकरदार समजायचे. भाकरीला तेलाचा वास येतो म्हणून मी एकदा ताट सरकवलं. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "पाटीच्या भाकरीला घामाचा वास येत व्हता, तवा न्हाई नाक मुरडलंस." मी ताट परत ओढून घेतलं. तुझ्यापुढे बोलण्यात कोण टिकणार.

पुढे परदेशी साहेब आपल्या देशी परतले आणि माळ ओस पडला. आपले अधिकारी नव्याचे नऊ दिवस खेळले, मग क्लबात पत्ते बरे वाटायला लागले. क्लबचे सेक्रेटरी मात्र त्या खेळासाठी जीव टाकायचे. पुण्याचे, किडकिडीत, आवाज असा की पलीकडच्या खुर्चीला ऐकू येऊ नये. खेळात रंगत यावी म्हणून त्या गृहस्थांनी काय काय केलं. एका रविवारी सगळ्यांनी एकाच काठीने खेळायचं. दुसऱ्या रविवारी उजव्याने डावखुरं खेळायचं. मग एकदा जिंकणाऱ्याला कोंबडा ठेवला. तो कोंबडा दोरी तोडून थेट चिखलीच्या दिशेने पळाला आणि लोक त्याच्या मागे गेले, तेवढीच काय ती रंगत. अखेर मोठे साहेब म्हणाले की आता पुरे. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, त्यांचा शब्द शेवटचा. अधिकारी आणि कामगार असा एक सामना या रविवारी होऊन जाऊ दे, त्यालाही माणसं आली नाहीत तर माळावर गोदाम बांधू. तू ते ऐकून घरी आलीस आणि फळीवरची जुनी चुंबळ खाली काढून झटकलीस.  मी बाहेर जाऊन उगाच घागर विसळत बसले.

रविवार उजाडतो आणि तू पहाटेपासून माळावर. बाभळीच्या सावलीत तीन दगडांची चूल मांडून पाचही जणी भाकऱ्या थापताहेत. मी विचारलं, हे कशाला? शेवटचा दिवस आहे, रानाला उपाशी निरोप द्यायचा नाही, असं तू म्हणालीस आणि पिठल्यात मिरच्या टाकल्यास. तिकडे कामगारांच्या बाजूला गोंधळ. चार जणांपैकी दोघांना ओव्हरटाइमला अडकवलेलं. उरले गॅरेजचे मिस्त्री, ज्यांना आपण चाचा म्हणायचो, आणि बॉयलरवरचा मराठवाड्यातला एक पोरगेला गडी. सेक्रेटरी रडकुंडीला आले, सामनाच होत नाही म्हणाले. तू पिठाचे हात झटकून उठलीस. म्हणालीस की आम्ही दोघी मायलेकी खेळतो. मी तुझा पदर ओढला, लोक हसतील म्हटलं. "हसतील त्यांचे दात दिसतील," तू म्हणालीस आणि नऊवारीचा काष्टा घट्ट करून काठी उचललीस. अधिकारी खरंच हसले. आणि मोठे साहेब सोडले तर एकाचेही दात धड नव्हते, हे मी मुद्दाम बघून घेतलं.

पहिला फटका चाचांचा, चेंडू लांब गेला, इंजिनाला हँडल मारणारे हात ते. बॉयलरवाल्याचा ओढ्यात. माझा चार पावलांवर. तुझा माझ्याही अलीकडे. खेळाच्या नियमाने आता आपण चौघांनी चार दिशांना पांगायचं होतं, ज्याने त्याने आपला चेंडू हुडकायचा आणि रडत-रखडत पुढे जायचं. तू काय केलंस? आपला चेंडू उचललास, माझाही उचललास, सरळ चालत जाऊन चाचांच्या चेंडूशेजारी दोन्ही ठेवलेस आणि बॉयलरवाल्याला हाक मारलीस की ये रं हिकडं. एक अधिकारी ओरडला, असं चालत नाही. तुला त्यात न चालण्यासारखं काही दिसतच नव्हतं. माळावर माणसं जमून एक काम करतात ते तुला एकाच रीतीने माहीत होतं. गावात एखाद्याच्या शेताची इर्जिक असते, सगळा गाव आपापले नांगर घेऊन त्या एका रानात उतरतो आणि ज्याचं रान तो सगळ्यांना जेवू घालतो. "इर्जिकीत ज्याचा बैल म्होरं, त्याच्या नांगराच्या तासाला बाकीचे लागत्यात," तू त्या साहेबाला सांगितलंस. "मागं ऱ्हायला म्हणून कुणाला बांधावर बसवत न्हाईत."

सेक्रेटरी डोकं खाजवत उभे राहिले. मग त्यांचा तो बारीक आवाज पहिल्यांदा सगळ्या माळाला ऐकू आला. दोन्ही बाजूंनी असंच खेळायचं, ते म्हणाले. आणि आई, खेळ पेटला बघ. आतापर्यंत ज्याचा तो मारायचा आणि ज्याचा तो गप्प. आता कुणाचा चेंडू पुढे यावर भांडण, कुठून मारायचं यावर भांडण. पहिल्या पाळीचे लोक सायकली टाकून आले, वस्तीवरच्या बायका पोरं काखेत घेऊन आल्या, चिंचवड स्टेशनाकडून बाजार करून निघालेले लोक पिशव्यांसकट थांबले. माझा एक फटका, एकच, चाचांच्याही पुढे गेला आणि चौघांनी तिथून मारलं. मी आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण मी केलेल्यावर तीन मोठी माणसं उभी राहिली, असं त्याआधी झालं नव्हतं. तू फक्त मान डोलावलीस. मला तेवढ्यावर वर्षभर जेवण गेलं असतं.

शेवटच्या खळ्यावर दोन्ही बाजू बरोबरीत. आपल्या चौघांचेही चेंडू गलीच्या कडेला राहिले, मग जवळचा हाताने ढकलावा तसा तू आत ढकललास. आता मोठ्या साहेबांचा फटका. आत गेला तर ते आपल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन जिंकणार. गर्दीने खळ्यावर इतकी पावलं उठवली होती की चेंडू अर्ध्यात अडकणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. तेवढ्यात तू आपली काठी खाली ठेवलीस, गोणपाट उचललंस आणि साहेबांच्या चेंडूपासून गलीपर्यंत शांतपणे ओढत नेलंस. चाचांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, "अहो बाई, ते आपल्याविरुद्ध हायेत." तू वळूनही पाहिलं नाहीस. "खेळ निराळा, काम निराळं," म्हणालीस. "खळं सारखं करणं माझं काम हाय." साहेबांनी चेंडू मारला आणि तो तू आखलेल्या वाटेने सरळ गलीत पडला. आपण एका फटक्याने हरलो. मला तेव्हा तुझा राग आला होता. आज मात्र ते गोणपाट ओढणारी तुझी पाठ आठवली की माझी मान आपोआप ताठ होते.

मग तू सगळ्यांना जेवायला बसवलंस. अधिकारी, कामगार, वस्तीवरच्या बायका, सगळे एका पंगतीत. मोठ्या साहेबांनी विचारलं की हे जेवण कोणाकडून, क्लबाकडून? सेक्रेटरींनी खाली पाहिलं. तू पत्रावळ त्यांच्यापुढे धरून म्हणालीस, "न्हाई साहेब. इर्जिकीचं जेवण ज्याचं रान त्यानं घालायचं असतं. बसा."  कारखान्याने रान कोणाकडून घेतलं हे त्याच्या दप्तरात लिहिलेलं होतं आणि ते साहेबांना माहीत होतं, तुलाही माहीत होतं. साहेबांनी बूट काढले. मग इस्त्रीच्या पँटीतच मांडी घालून बसले आणि ठेचा मागून घेतला. दुसऱ्या भाकरीला त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं की गोदाम दुसरीकडे बघू, आणि पुढच्या रविवारी हाच खेळ ठेवा, काय नाव म्हणाल्या या बाई? तू घरी येऊन ती चुंबळ चुलीत घातलीस. मी बघत होते. ती लवकर पेटली नाही, तेव्हा तू फुंकणीने फुंकर घातलीस.

तू हातीपायी धड होतीस तोवर माळ राहिला आणि तुझं कामही राहिलं. पाटी परत तुझ्या डोक्यावर चढली नाही. आता तिथे काय आहे ते विचारू नकोस, तुला ओळखू येणार नाही. क्लबात या खेळाला लोक इर्जिकच म्हणायचे, परप्रांतातून आलेले साहेबसुद्धा, त्यांच्या तोंडून तो शब्द फार मजेशीर यायचा. पुढे माणसं बदलली आणि शब्द गेला. तुझं नाव तिथे कधी कोणी लिहिलं नाही. तुला त्याचं काही वाटायचं नाही, मला वाटतं, आणि म्हणून हे सगळं नातवाला परवा रात्रीच्या जेवणापर्यंत सांगत बसले. त्याने टीव्ही बंद करून ऐकलं, हेही सांगते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. डब्यातल्या पापडांखाली ठेवीन, तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालते. सगळं ऐकून झाल्यावर नातवाने विचारलं, मग त्या दिवशी जिंकलं कोण? मी म्हटलं, माझी आई. फटके कुणाचे कमी होते हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.