खंडूची जखम भरेपर्यंत

गुरु., २ जाने.
उद्या परभणी, सातची एसटी. खंडूला छोट्या पिंजऱ्यात, वर टॉवेल टाकून.
दिवाळीत मुक्ता हे दोन उंदीर माझ्या गळ्यात घालून परत पुण्याला गेली. घरमालकिणीला खपत नाहीत म्हणे. "दोघी बहिणी आहेत, बाबा." मी एक नजर टाकली. एकतीस वर्षं धान्याच्या गोदामात काढलेल्या माणसाला लेक नर-मादी शिकवतेय. तेव्हापासून पिंजरे दोन. चिंगी स्वयंपाकघरात, खंडू बैठकीत. पिलावळ झाली नाही हे नशीब. पण तो दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसतो. ऑपरेशन केलं की दोघांना एकत्र ठेवता येतं, असं मु.नं शोधून काढलं. मला ते दाराकडं बघणं सहन होईना, म्हणून हो म्हणालो.
सातपासून त्याचं खाणं काढून घेतलं. मु.च्या आईच्या, सुमनच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिलाही असंच उपाशी ठेवलं होतं.

शुक्र., ३ जाने.
बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, पिशवीत काय. ससा म्हणालो. उंदीर ऑपरेशनला नेतोय हे मानवतच्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगायचं.
डॉक्टर पोरगेलासा. "काय खाऊन आलाय हा?" मी मोठ्या अभिमानानं, कालपासून काहीच नाही. त्यानं कपाळाला हात लावला. "काका, उंदराला उपाशी ठेवत नसतेत. भुलीत त्याला उलटी होतच नाही. उलट भुकेनंच जाईल ना तो." मग तासभर काकडी आणि शेजारच्या खानावळीतला भात. खाऊन झाल्यावर आत नेलं.
मी बाहेर बाकावर. बाकं सगळीकडं सारखीच असतात.
परत दिला तेव्हा थंडगार, डोळे अर्धे उघडे. शर्टाच्या आत, बनियनला लावून घेतला आणि तसाच बसमध्ये बसलो. मानवत रोड गेल्यावर पोटाशी काहीतरी हललं. माझा जीव भांड्यात पडला.
लक्षात ठेवणे: भुसा नको, जखमेला चिकटतो, मऊ कापड घालणे. ऊब. औषध दोन वेळा. जखम रोज बघणे, लाली, सूज, पू. चिंगी चार आठवडे लांब, तोवर पिलं होऊ शकतात.

शनि., ४ जाने.
मऊ कापड. घरात माझं सगळं टेरिकॉट. सुमनचं कपाट चौदा महिन्यांत उघडलं नव्हतं. आज उघडलं. फिकट निळं वायलचं पातळ, घरात नेसायची ते. आधी काठाला कात्री लावली, मग हातानं फाडलं. एक तुकडा झाला आणि पुढं हात चालेना. चहा करून प्यालो. मग आणखी पाच तुकडे केले.
खं. त्यात शिरला तो दिसेनासाच झाला.
औषध थुंकतो. केळ्यात कालवून दिलं तर केळं खाल्लं, औषधाचा भाग तेवढा कडेला. गोदामातले पण असेच. पोत्यांच्या थप्पीखाली विषाची नवी गोळी ठेवली की पहिल्या दिवशी कुणी तोंड लावायचं नाही. तेव्हा राग यायचा, आज कौतुक वाटलं.

रवि., ५ जाने.
मु.चा फोन. "नीट बघताय ना त्याला? आईच्या वेळी तुम्ही..." आणि थांबली.
पुढचं मला पाठ आहे. तिसऱ्या दिवशी मी गोदामावर गेलो होतो. साठामोजणी होती, माझ्यावाचून अडलं असतं असं मला वाटलं. मु. एकटी दवाखान्यात. आठव्या दिवशी सुमन...
जखम कोरडी आहे म्हणून सांगितलं. नवीन जागा मिळाली म्हणाली, तिथं उंदीर चालतात. "बरा झाला की दोघांना घेऊन जाते, बाबा. तुमच्या मागचा व्याप जाईल." बरं म्हणालो.

सोम., ६ जाने.
थंडीचा कडाका. खं. गोळा होऊन पडून. शेजारच्या गंगाबाई विरजण मागायला आल्या, पिंजऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "काय भाऊजी, जलमभर गोळ्या घालून मारले अन् आता मांडीवर घ्यायलाव. करून करून भागला अन् देवपूजेला लागला." हसल्या. मीही हसलो.
मग वाकून बघितलं. "लय गारठलंय की हे. बाळंतिणीवाणी शेक द्या. शेगडीवर ववा टाका, लिंबाचा वाळला पाला टाका. जखम दोन दिसांत आवळती."
पटलं. गोदामातही कडुलिंबाचा पाला घालायचोच धान्यात. शेगडी त्यांचीच आणली.

मंगळ., ७ जाने.
सकाळी खिडक्या लावून धुरी दिली. पिंजऱ्याजवळ, चांगला अर्धा तास. खोलीत ओव्याचा वास, मला स्वतःला छान वाटत होतं. मग टक टक असा आवाज यायला लागला. दर श्वासाला. टॉवेल उचलला तर नाकाखाली लाल, डोळ्यांच्या कडा लाल. सुमनच्या पातळावर लाल डाग.
डॉ.ला फोन. दोनदा चुकीचा लागला. "धुरी? काका, उंदराची छाती लय नाजूक असती. आधी खिडक्या उघडा. ते लाल म्हणजे रक्त न्हाई, त्रास झाला की त्यांच्या डोळ्यानाकातून तसं पाणी येतं." वाचेल का विचारलं. "संध्याकाळपर्यंत बघा. खाल्लं तर वाचला समजा."
खाल्लं नाही.
थप्प्यांखालून मेलेले किती काढले असतील, शेपटीला धरून, पोत्यात. एकाचंही तोंड आठवत नाही. ह्या एकापुढं दिवसभर काकडीची फोड धरून बसलो. रडलो. लिहून ठेवतो, सांगणार कुणाला.
गंगाबाईंना कळलं. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून आणलं, फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीशी ठेवलं. जाताना, "माझ्या लेकीसुनांना अशीच दिली वो धुरी. मला काय म्हाईत."

बुध., ८ जाने.
स. १० वा. अर्धा शेंगदाणा. संपवला.
टक टक कमी.
मी परवा रात्रीनंतर आज जेवलो. पिठलं, जळकं.

शनि., ११ जाने.
पू नाही, सूज नाही. औषध आता गुळाच्या पाण्यात, मुकाट घेतो. मी पेपर वाचतो, तो बाहीतून खांद्यावर येतो आणि कानाशी नाक लावतो. बातम्या मोठ्यानं वाचायची सवय लागली. याआधी दिवस दिवस दूधवाल्याला "अर्धा लिटर" यापलीकडं बोलणं नसायचं, हे आज ध्यानात आलं.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. गंगाबाईंनी तिळगूळ दिला, खं.चा वेगळा, नखाएवढा. मी लाडू वर धरला तर दोन पायांवर उभा राहून हातातून ओढला. फोटो काढला.
खपली गेलीय. खाली गुलाबी कातडी. भरली जखम.
दु. मु.चा फोन. "आता कशी आहे जखम?" "थोडी ओली आहे अजून." असं म्हणेन हे मलाही माहीत नव्हतं. फोटो पाठवला, पोटाखालचं काही दिसत नव्हतं त्यात. "मग राहू दे अजून थोडे दिवस," म्हणाली.

रवि., १९ जाने.
पुन्हा विचारलं. पुन्हा ओली.
एकसष्टाव्या वर्षी लेकीशी खोटं बोलतोय, तेही उंदराच्या जखमेवरून. आजाऱ्याजवळ राहिलो नाही हा तिचा राग. आता आजारी बरा झाला तरी मी त्याला आजारीच ठेवतोय. सुमन असती तर म्हणाली असती, तुम्हाला वेळेवर काही जमत नाही.

रवि., २६ जाने.
शाळेतल्या पोरांची घोषणांची फेरी गेली. खं. घाबरून बनियनमध्ये.
चिंगी दार कुरतडते. स्वयंपाकघराच्या चौकटीला खालून बोटभर खाच पडलीय. ती दाराच्या तिकडून, हा इकडून. मी मध्ये.

शुक्र., ३१ जाने.
चार आठवडे झाले. आणखी टाळणं म्हणजे दुष्टपणा.
दोघांना पलंगावर सोडलं, मध्ये पातळाचा तुकडा. चिंगीनं आधी दोन थपडा दिल्या. खं. ओरडला, उताणा पडला. मी हात घालणार, तेवढ्यात ती त्याचं डोकं चाटायला लागली. अर्ध्या तासात एकमेकांवर पाय टाकून झोपली दोघं.
संध्याकाळी पेपर वाचला. खांद्यावर कुणी आलं नाही. मनातल्या मनात वाचला.

शनि., १ फेब्रु.
मु.ला मीच फोन केला. सांगून टाकलं. जखम संक्रांतीलाच भरली होती, मी खोटं बोललो. धुरीचंही सांगितलं.
ती म्हणाली, "माहीत होतं, बाबा. फोटोत दोन पायांवर उभा होता की."
मग आली का नाहीस. हे विचारलं नाही. माझी कीव म्हणून की तिलाही इकडं यायचं नव्हतं म्हणून. दोन्ही असेल.
मग हळूच, "फोटोत त्याच्या पायाखाली ते आईचं निळं पातळ होतं ना?"
हो म्हणालो.
"फाडलंत?"
हो.
तिकडं नाक ओढल्याचा आवाज. मग, "उद्या येते. पहाटेच्या गाडीनं निघते."
उंदीर न्यायला का, तेही विचारलं नाही.
भरताची वांगी आणली, तिला भरीत आवडतं. गादीला ऊन दाखवलं. मोठा पिंजरा घासून धुतला, उरलेलं निळं कापड घातलं. न्यायचा छोटा पिंजरा माळ्यावर आहे. माळ्याखाली स्टूल नेऊन ठेवलं, वर चढलो नाही.