कर्त्याचं वय

गोदी, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी अजून त्याच गोदीत आहे, हे वाचून खुर्चीवरून पडू नकोस. तिसरं काम धरलं आणि टिकलो, ते या जहाजांमुळे. आमच्या जहाजाच्या पोटात उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, पण वरचा पत्रा काही दिसत नाही. तिथे मी वेल्डिंग करतो. आभाळाला टाके घालतो म्हण ना.

तुझं पत्र पोचलं. आईनं बाबांवर फौजदारी केली? पोरांना पोसलं नाही म्हणून बापाला तुरुंग, असा कायदा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. खोलीतल्यांना सांगितलं, तर क्रेनवाला म्हणाला की तसं असेल तर उद्या अर्धी गोदी रिकामी होईल. सगळे हसले, आणि मग एकेक जण पाठ करून झोपला.

बाबा दुसरं घर करून बसले, त्यांचं फर्निचरचं दुकान जोरात चालतं, सगळं खरं. पण आईला सांग, केस मागे घे. मी पैसे पाठवतोय ना? भाडं जातंय, धाकटीची शाळा चाललीय. मी असताना बापाला कोर्टात कशाला खेचायचं?

आईची पाठ कशी आहे ते कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

घर, १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे. पण एका जागी टिकलास हे वाचून आई कितीतरी दिवसांनी हसली.

तुझा निरोप तिला दिला. तिनं तो लाँड्रीतल्या इस्त्रीवरून मान न उचलता ऐकला आणि पुढचा कपडा ओढला.

काल सुनावणी झाली. बाबा कडक सदरा घालून आले होते. धाकटीसाठी बाहुली आणली होती. ती आता बाहुल्या खेळत नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांचे वकील उठले आणि म्हणाले की मुलं उपाशी कुठे आहेत? मोठा मुलगा कमावतो, दर महिन्याला न चुकता पाठवतो. मग गुन्हा कसला? तुझी मजुरी बाबांच्या कामी आली होती.

तेव्हा आई उठली. दुकानदारानं कमी तोललं तरी जी तोंड उघडत नाही, ती आपली आई. न्यायाधीशबाईंना म्हणाली, की हे ज्याला मोठा म्हणतात तो घरातून गेला तेव्हा पंधराचा होता. त्याला कुणी पोसलं, तेही विचारा. एवढं बोलून बसली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, आईकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या की या मुलाला मला ऐकायचंय.

पुढची तारीख दहा मार्च. तुझ्या बोलण्यावर आता सगळं आहे. आई ये म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते.

जपून राहा. आमची आठवण गोदीच्या पाण्यात टाकू नकोस.

तुझी,
ताई

गोदी, २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा न उघडताच बसून राहिलो.

मी स्वतःला कायम देणाऱ्यांत धरलं, ताई. घरातला कर्ता. त्या कायद्यात पोरं म्हणून जे लिहिलंय, त्यात तेव्हा मीही बसत होतो हे कधी डोक्यात आलं नाही. एवढं मोठं कोर्ट, काळे कोट, शिपाई, आणि ते सगळं माझ्यासारख्या नववी नापासासाठी थांबलंय.

मुकादमानं सुट्टीचं कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला की जा, आणि तुझ्या आईला आमचा नमस्कार सांग.

येतो. बाबांच्या तोंडावर काय बोलू, ते मात्र सुचत नाही.

माया असू दे.

तुझा,
भिंगरी

गाडीतून, १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कामावरून सोडलं नाही आणि मला ही गाडी गाठायची होती, म्हणून हलत्या डब्यात लिहितोय. आज तरी अक्षराला हसू नकोस.

बाबा म्हणाले, उंच झालास. मनात होतं की कोर्टाला सांगायचं, सोडा त्यांना. पण न्यायाधीशबाईंनी ते विचारलंच नाही. घर सोडलं तो दिवस सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं. दप्तर शेजारच्या पोराला दिलं, बाबांचे जुने बूट सैल होत होते म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या, आणि निघालो. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. माझ्या बुटातल्या चिंध्या सरकारदरबारी गेल्या, ताई.

बाबा दोषी ठरले. एक वर्ष कैद. पण धाकटी मोठी होईपर्यंत तिचा खर्च वेळेवर दिला तर बाहेर राहायचं, चुकले की आत. वकील काही बोलायला उठले, तर बाबांनीच त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. नवं जहाज पाण्यात सोडतात तेव्हा असं होतं. एवढं लोखंड तरंगतं, आणि माणूस नुसता बघत राहतो.

बाहेर आल्यावर आई म्हणाली की आता घरी पैसे पाठवू नकोस, रात्रशाळा बघ. मी म्हटलं, मिशा फुटल्यावर कसली शाळा. ती ऐकेना. पुढे मोठा रस्ता लागला, गाड्यांची रांग तुटत नव्हती. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. रोज जहाजाच्या कडेला लटकून काम करणारा मी, पण गप्प तिच्या मागून चाललो. पलीकडे पोचल्यावरही तिनं हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.

लोभ असाच ठेव.

तुझा,
भिंगरी