सहावी ब चं लेणं

१५ जुलै
सहावी ब. बुद्धांचा धडा. अर्धा वर्ग पेंगतोय. एकाला उठवून विचारलं, लेणं म्हणजे काय रे? "गुहा. जुनी." संपलं! आणि हीच पोरं मागच्या वर्षी सहलीला कान्हेरीला जाऊन वेफर्स खाऊन आलीत. कॉम्प्युटरच्या तांबे सरांपाशी रडगाणं गायलं. ते म्हणाले, "ठोकळ्यांच्या गेममध्ये लेणं करून घ्या ना बाई. सगळा वर्ग एकाच जगात शिरतो." मला माउस धड धरता येत नाही. तरी हो म्हणाले.

२३ जुलै
लॅब. नुसता गोंधळ! पोरांनी ठोकळ्यावर ठोकळा चढवून भिंती उभ्या केल्या, वर स्लॅब टाकला. कांदिवलीची पोरं, टॉवरशिवाय बघितलंय काय त्यांनी! ओरडले, अरे, लेणं बांधत नाहीत, कोरतात! मग मागून अस्मिता. जूनमध्ये आली तेव्हापासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं पोरीनं. "मग आधी डोंगर लागेल ना, बाई?"
आख्खा तास डोंगर रचला. घंटा झाली तरी कुणी उठेना.

६ ऑगस्ट
अथर्वनं कोरता कोरता खांबच उडवला. बोंबाबोंब. "बाई, परत लावू?" म्हटलं, खरा दगड परत लागतो का? बरीच भांडाभांडी झाली, शेवटी ठरलं, तुटका तसाच ठेवायचा. मग पाण्याचं टाकं कुठं असतं ते बघायला अथर्वनं पुस्तक उघडलं. अथर्वनं! पुस्तक! मी डोळे चोळले.
अस्मिता आता सगळ्यांवर दादागिरी करते. "ए, हळू खण ना यार, छत पडेल." ऐकत बसावंसं वाटतं.

३ सप्टें.
अस्मिताचे वडील दाखला मागायला आले. कंपनी बंद पडली, दिवाळीच्या सुट्टीत लातूरला भावाकडे जाणार. "मॅडम, इथलं भाडं झेपंना आता." पोरगी आत्ता कुठं बोलायला लागलीय हो, असं काहीतरी पुटपुटले. मग तोंडातून निघूनच गेलं, मार्चपर्यंत राहू दे हवं तर माझ्याकडे. त्यांनी हात जोडले. "लेकराशिवाय तिच्या आईला करमायचं न्हाई, मॅडम."
बरोबरच आहे त्यांचं. घरी येऊन रडले. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, कांदा चिरत होते.

१८ सप्टें.
वर्गाला कळलं. अथर्व म्हणाला, लेण्यात हिच्या नावाची एक खोली सगळ्यांनी मिळून खणू. अस्मिता फटकन, "माझी मी खणते." कुणाला हात लावू दिला नाही. बाकीचे तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

९ ऑक्टो.
परीक्षा संपली. अस्मिताचा शाळेतला शेवटचा दिवस. लॅबमध्ये धड्यातलं राहिलेलं सांगून टाकलं. भिक्खू पावसाळाभर लेण्यात राहायचे, पाऊस सरला की निघायचे. कुणासमोर बोलतेय याचं भानच नव्हतं. वेडी मी!
अस्मिता खोलीत निजायचा ओटा कोरत होती. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मग त्यांची खोली, बाई? दुसऱ्याला द्यायचे?"
खरं काय व्हायचं, मला माहीत नाही. म्हटलं, तुझी नाही गं देणार कुणाला.
"नक्की ना?"
नक्की.
हसली. परत ओट्याला लागली.
शाळा सुटल्यावर तांबे सरांना गाठलं. लातूरहून तिला आत शिरता येईल ना? म्हणाले, "येईल. पण जूनमध्ये ही मशीनं बदलणार. नव्यावर हे जग जातं की नाही, बघावं लागेल."
म्हटलं, बघा हो सर. मी शब्द देऊन बसलेय.